श्वान डिस्टेंपर

श्वान डिस्टेंपर : कुत्रा व इतर अनेक मांसाहारी सस्तन प्राणी यांना होणारा विषाणुजन्य (व्हायरसामुळे होणारा), तीव्र व अतिशय सांसर्गिक रोग. श्वसन तंत्र, पचन तंत्र, त्वचा आणि तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. लस न टोचलेल्या कोणत्याही वयाच्या कुत्र्याला तो होऊ शकतो. तथापि तीन ते सहा महिने वयाच्या पिलांत त्याचे प्रमाण सर्वांत अधिक आढळते. शरीरातील विषाणूचा खात्रीने नाश करील असे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे लस टोचून रोगाचा प्रतिबंध करणे, हाच कुत्र्यांच्या रक्षणाचा भरवशाचा मार्ग आहे. लस चांगली असली, तरी तिचे यश ती कोणत्या वयात व किती वेळा टोचली यावर फार अवलंबून असते. लस टोचूनही पिलू दगावल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचा उलगडा बहुधा येथेच होतो.

इतिहास : ‘डिस्टेंपर’ हा इंग्रजी शब्द पूर्वी ‘शरीरप्रकृतीतील बिघाड’ अशा ढोबळ अर्थाने माणसांच्या व जनावरांच्या अनेक रोगांना लावीत असत. कुत्र्यांचा हा रोग अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून यूरोपात आला असावा, असे मानतात. १७६० च्या सुमारास स्पेनमध्ये व त्यानंतर थोड्याच वर्षांत यूरोपच्या इतर भागांत त्याच्या साथी आल्या. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि तो अलर्क रोगापासून (रेबीजपासून) वेगळा असल्याचे दाखविले. गोस्तन देवीची लस टोचल्यास कुत्र्यांना या रोगापासूनही संरक्षण मिळेल, अशी आशा त्या काळी वाटत होती. ती फोल ठरली.

सूक्ष्मजंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतूनही रोगकारक घटक पार होतो, असे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले. फ्रान्समध्ये हा रोग आजही ‘कारे रोग’ म्हणून ओळखला जातो. तथापि रोगी कुत्र्यांच्या श्वासनलिकेत एक सूक्ष्मजंतू वारंवार सापडत असल्यामुळे तोच रोगाचे कारण आहे, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत होते व हा वाद सुमारे वीस वर्षे चालू राहिला. इंग्लंडमधील फील्ड या शिकारविषयक साप्ताहिकाने १९२० नंतरच्या काही वर्षांत संशोधनासाठी निधी उभारला. त्यातून लंडनजवळील मिल हिल येथे जी. डब्ल्यू. डंकिन व पॅट्रिक लेडलॉ यांनी केलेल्या कार्याने हा वाद मिटला. प्रयोगांसाठी बाहेरच्या जगाशी मुळीच संपर्क न आलेली कुत्री हवी होती. ती त्यांनी कडक विलगतेत तेथेच वाढविली. फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक लहान पाळीव मांसाहारी प्राणी) या रोगाला कुत्र्याहूनही अधिक बळी पडतो, याचा त्यांनी प्रयोगांत उपयोग करून घेतला. १९२८ च्या सुमारास त्यांची लस वापरात आली. हे कार्य कुत्र्यांपुरते मर्यादित राहिले नाही. त्याच संस्थेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व लेडलॉ यांनी १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू प्रथम अलग केला, तो फेरेटांच्याच साहाय्याने.

पहिल्या लशी मृत विषाणूंच्या होत्या व त्यांनी मिळणारे संरक्षण अल्पकाळ टिके. पुढे विषाणू फेरेटांत, नंतर कोंबडीच्या अंड्यातील गर्भात आणि १९६० च्या सुमारास कुत्र्याच्या मूत्रपिंडातील कोशिकांच्या संवर्धनात पुनःपुन्हा वाढवून दुर्बल करण्यात आला. अशा दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंच्या लशी प्रचारात आल्यानंतर, जेथे लस नियमितपणे टोचली जाते अशा देशांत हा रोग विरळ झाला.

कारण व प्रसार : रोगकारक विषाणू पॅरामिक्झोव्हिरिडी कुलातील मॉर्बिलिव्हायरस या प्रजातीत मोडतो. माणसाच्या गोवराचा व गुराढोरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणू याच प्रजातीतील आहेत. बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये घोषित करण्यात आले. डिस्टेंपरच्या बाबतीत तसे घडणे अवघड आहे, कारण त्याचा विषाणू कुत्र्यांखेरीज अनेक वन्य प्राण्यांतही वाढतो. माणसाला या विषाणूमुळे रोग झाल्याचे आढळलेले नाही.

रोगी कुत्र्याच्या नाका-डोळ्यांतील स्राव, लाळ, मूत्र व विष्ठा यांतून विषाणू बाहेर पडतो. खोकल्या-शिंकण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे तो दुसऱ्या कुत्र्याच्या श्वसनमार्गात शिरतो. प्रसाराचा हाच मुख्य मार्ग होय. विषाणूचे उत्सर्जन कित्येकदा दोन-तीन महिनेही चालू राहते. संसर्ग झालेल्या अनेक कुत्र्यांत ठळक लक्षणे दिसत नाहीत; तथापि अशी कुत्री इतरांना रोग देऊ शकतात.

विषाणूभोवती मेदयुक्त आवरण असते. साबण, सामान्य जंतुनाशके, ऊन, उष्णता व शुष्कता यांनी ते लवकर नष्ट होते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला शरीराबाहेर विषाणू काही तासच टिकतो. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत मात्र तो काही आठवडे तग धरतो. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूला असे आवरण नसल्याने तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. डिस्टेंपरचे तसे नाही. येथे धोका दूषित जागेपेक्षा रोगी प्राण्याच्या सान्निध्याचा अधिक असतो.

संप्राप्ती व लक्षणे : शरीरात शिरलेला विषाणू प्रथम गलग्रंथी व श्वासनलिकांलगतच्या लसीका ग्रंथींत वाढतो. रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या लसीका कोशिकांवरच (पांढऱ्या रक्तकोशिकांच्या एका प्रकारावर) त्याचा पहिला आघात होत असल्याने कुत्र्याची प्रतिकारशक्ती खालावते. संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांनी ताप येतो व एक-दोन दिवसांत उतरतो. हा ताप पुष्कळदा मालकाच्या लक्षातही येत नाही. सुमारे दुसऱ्या आठवड्यात पुढचा निर्णय लागतो. पुरेशी प्रतिपिंडे (विषाणूला निष्प्रभ करणारी, रक्तरसातील विशिष्ट प्रथिने) वेळेवर तयार झाली, तर कुत्रे बरे होते. तसे न झाल्यास विषाणू सर्व शरीरभर पसरतो व ताप पुन्हा चढतो.

या दुसऱ्या अवस्थेत डोळे लाल होऊन चिपडांनी चिकटतात, नाकातून प्रथम पाण्यासारखा व नंतर पूमिश्रित घट्ट स्राव वाहतो, खोकला येतो व पुढे न्यूमोनिया होतो. उलट्या व जुलाब होऊन कुत्रे झपाट्याने खंगते. पिलांच्या पोटावरील विरळ केसांच्या त्वचेवर पूयुक्त पुटकुळ्या दिसतात. काही कुत्र्यांत नाकाचा शेंडा व पंजांचे तळवे जाड, कडक व भेगाळलेले होतात. दात येण्याच्या वयात रोग होऊन गेलेल्या पिलांच्या कायम दातांवरील एनॅमल खडबडीत राहते व रोगाची ती खूण जन्मभर दिसते.

तंत्रिका तंत्राची लक्षणे याच वेळी किंवा पहिली लक्षणे ओसरून कुत्रे बरे झाले असे वाटू लागल्यावर काही आठवड्यांनीही उद्‌भवतात. चघळल्यासारखी जबड्याची हालचाल, तोंडाला फेस, आचके, तोल जाणे, मागील पायांचा लुळेपणा आणि एखाद्या पायाचे वा डोक्याचे स्नायू झोपेतही ठरावीक लयीत उडत राहणे, ही त्यांतील प्रमुख होत. स्नायू उडण्याचे हे लक्षण कुत्रे जगले तरी बहुधा कायम राहते. तीव्र रोगात मृत्यूचे प्रमाण मोठे असून पिलांत ते निम्म्याहूनही अधिक असू शकते. रोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या कुत्र्यांना दीर्घकाळ टिकणारी प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) लाभते.

निदान व उपचार : लस न टोचलेल्या पिलात ताप, नाका-डोळ्यांतील स्राव, जुलाब व आचके ही लक्षणे एकत्र दिसल्यास निदान कठीण नसते. मात्र एकेकटे लक्षण फसवे ठरते. डोळ्यांच्या श्लेष्मकलेचा खरवडा, रक्त वा मूत्र यांतील विषाणूच्या जननिक द्रव्याची प्रयोगशाळेत तपासणी करून निदानाची खात्री करता येते. लस नुकतीच टोचली असल्यास लशीतील विषाणूमुळेही ही तपासणी होकारार्थी येण्याची शक्यता असते. म्हणून टोचणीची तारीख प्रयोगशाळेला कळविणे आवश्यक असते.

भारतासारख्या, अलर्क रोग अस्तित्वात असलेल्या देशात एक दक्षता अनिवार्य आहे. आचके येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या किंवा वर्तन बदललेल्या कुत्र्याला ‘डिस्टेंपर झाला आहे’ असे गृहीत धरून उघड्या हातांनी औषध पाजू नये. दोन्ही रोगांची लक्षणे सारखी दिसू शकतात. असे कुत्रे चावल्यास वा त्याची लाळ जखमेला लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब वैद्यकीय सल्ला घेणे जरूर असते.

उपचार लक्षणानुसार करतात. शरीरातील पाणी व लवणे यांची भरपाई, दुय्यम सूक्ष्मजंतुसंसर्गावर प्रतिजैव औषधे, उलट्या व आचके थांबविणारी औषधे, उबदार व स्वच्छ जागा, नाक-डोळे पुसणे आणि पातळ, पौष्टिक आहार यांनी काही कुत्री वाचतात. प्रतिजैव औषधांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. तंत्रिका तंत्राची लक्षणे वाढत गेल्यास कुत्रे जगण्याची आशा फार थोडी राहते.

प्रतिबंधक लस व तिची वेळ : नवजात पिलाला आईकडून संरक्षण मिळते. प्रतिपिंडांचा अगदी अल्प अंश गर्भावस्थेत वारेतून येतो. बहुतेक सर्व प्रतिपिंडे जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी प्यालेल्या चिकातून मिळतात. ही उसनी प्रतिपिंडे पिलाच्या शरीरात नव्याने तयार होत नाहीत, फक्त घटत जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासानुसार डिस्टेंपरविरोधी उसन्या प्रतिपिंडांची पातळी सुमारे ८·४ दिवसांनी निम्म्यावर येते.

अडचण अशी की, हीच प्रतिपिंडे लशीतील जिवंत, दुर्बल विषाणूलाही निष्प्रभ करतात. लशीचा विषाणू पिलाच्या शरीरात वाढू शकला नाही, तर पिलाची स्वतःची प्रतिरक्षा जागृत होत नाही व टोचणी वाया जाते. ही अडचण उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पिलात जन्मानंतर प्रतिपिंडांची पातळी १,०२४ एकके व दुसऱ्यात ६४ एकके आहे आणि ती ४ एककांपर्यंत उतरल्याखेरीज लस लागू पडत नाही, असे समजू. पहिल्या पिलात पातळी आठ वेळा निम्मी व्हावी लागेल. त्याला सुमारे ६७ दिवस, म्हणजे साडेनऊ आठवडे लागतील. दुसऱ्यात चारच वेळा निम्मी झाली की पुरे. त्याला सुमारे ३४ दिवस, म्हणजे जेमतेम पाच आठवडे लागतील. दोघांनाही सहाव्या आठवड्यात एकेकदाच लस टोचली, तर दुसरे सुरक्षित होईल व पहिले नावापुरतेच लस टोचलेले राहील. उलट दोघांनाही दहाव्या आठवड्यापर्यंत थांबविले, तर दुसरे पाच आठवडे उघडे पडेल. एकाच वेतातील पिलांतही असा फरक असतो, कारण सर्वांना सारखा चीक मिळत नाही. अशक्त असल्याने आचळापासून ढकलले गेलेले पिलू सर्वांत आधी असुरक्षित होते.

याहूनही बिकट असा एक काळ प्रत्येक पिलाच्या आयुष्यात येतो. त्या काळात उसनी प्रतिपिंडे रोगकारक विषाणूला थोपविण्यास अपुरी, पण लशीच्या दुर्बल विषाणूला निष्प्रभ करण्यास पुरेशी असतात. कोणतीही टोचणी हा काळ पूर्णपणे टाळू शकत नाही. त्यातून वाट काढण्यासाठी गोवराच्या लशीचा उपयोग करून पाहण्यात आला. गोवर व डिस्टेंपर यांच्या विषाणूंतील नाते १९५७ च्या सुमारास प्रयोगांनी दिसून आले होते [⟶ गोवर]. आईची डिस्टेंपरविरोधी प्रतिपिंडे गोवराच्या विषाणूला फारशी अडवीत नाहीत. तरी त्याच्यामुळे पिलाला डिस्टेंपरपासून तात्पुरते संरक्षण मिळते. ही पद्धत आता बहुतेक मागे पडली आहे. १९९० नंतरच्या दशकात कॅनरी पक्ष्यांच्या देवीच्या विषाणूत डिस्टेंपर विषाणूची निवडक जनुके घालून लस तयार करण्यात आली. तिच्यात डिस्टेंपरचा पूर्ण विषाणू नसल्याने तिच्यामुळे तो रोग होण्याची शक्यताच नसते. भारतात प्रामुख्याने दुर्बल केलेल्या विषाणूची, पार्व्हो व सांसर्गिक यकृतशोथ यांवरील लशींशी संयुक्त अशी लस वापरतात.

म्हणून पिलाला एकदा लस टोचून न थांबता ती ठरावीक अंतराने पुनःपुन्हा टोचतात. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार पहिली टोचणी सहा ते आठ आठवडे वयात, त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मालिकेतील शेवटची टोचणी सोळा आठवडे वयाला किंवा त्यानंतर द्यावी. त्यापुढील एक मात्रा सहा महिन्यांच्या सुमारास किंवा वर्षाच्या आत दिल्यास, आधीच्या टोचण्या वाया गेलेल्या थोड्या पिलांनाही संरक्षण मिळते. त्यानंतर प्रौढ कुत्र्याला ही लस तीन वर्षांतून एकदाहून अधिक वेळा देण्याची सहसा जरुरी नसते; अलर्क रोगाच्या लशीचे वेळापत्रक मात्र वेगळे असून ते स्थानिक नियमांनुसार पाळावे लागते. सोळाव्या आठवड्यानंतरची टोचणी चुकविणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक होय. पिलू तोवर धष्टपुष्ट दिसू लागलेले असते आणि मालकाला दोन टोचण्या पुरेशा झाल्या असे वाटते.

विषाणूचा नाजूकपणा घर स्वच्छ करताना उपकारक, पण लस सांभाळताना अपायकारक ठरतो. लशीची सुकविलेली पूड २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. पातळ केलेली लस तास-दोन तासांच्या आत टोचली पाहिजे. उन्हाळ्यात बर्फाविना केलेला प्रवास किंवा दीर्घकाळ वीज नसलेले शीतकपाट यांमुळे लस निरुपयोगी होते व बाहेरून ते ओळखता येत नाही. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. एकाची मात्रा दोन लहान पिलांत वाटू नये. ताप असलेल्या किंवा आजारी पिलाची टोचणी पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढे ढकलतात.

मालिका पूर्ण होईपर्यंत पिलाला अनोळखी व लस न टोचलेल्या कुत्र्यांत मिसळू देऊ नये. नव्याने आणलेले कुत्रे किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. आश्रयस्थानांत प्रत्येक कुत्र्याला प्रवेश करतानाच लस टोचणे हितावह असते. चार दिवसांचा उशीरही तेथे साथीला कारण होतो. रोग्याची भांडी व अंथरूण वेगळे ठेवून साबण व विरंजक चूर्णाच्या द्रावणाने धुवावे आणि रोग्याची शुश्रूषा करणाऱ्याने कपडे बदलल्याखेरीज निरोगी पिलांना हाताळू नये.

मोकाट कुत्री व वन्य प्राणी : घरच्या कुत्र्याची सुरक्षितता परिसरातील इतर कुत्र्यांपासून वेगळी करता येत नाही. मोकाट कुत्र्यांत सतत नवी पिले जन्मत असल्याने विषाणूला नवे भक्ष्य मिळत राहते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्य परिसरात केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गावातील बहुसंख्य कुत्र्यांत डिस्टेंपरविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. त्याच माळरानावर खोकडांचा वावर असतो.

कोल्हा, लांडगा, रॅकून, मिंक, सील, तसेच सिंह, वाघ व बिबट्या यांनाही हा रोग होतो. टांझानियातील सेरेंगेटी येथे १९९४ मध्ये सिंहांपैकी सुमारे एकतृतीयांश, म्हणजे अंदाजे एक हजार सिंह मरण पावले. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात १९८५ मध्ये कृष्णपाद फेरेटांच्या अखेरच्या वन्य वसाहतीत ही साथ शिरली. १९८७ पर्यंत पकडून वाचविलेल्या अवघ्या १८ प्राण्यांपासून पुढे या जातीचे संवर्धन करावे लागले. तत्पूर्वी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी याच जातीचे चार प्राणी दुर्बल केलेल्या विषाणूची लस टोचल्यामुळेच डिस्टेंपर होऊन मेले होते. एका जातीला निरुपद्रवी असलेली लस दुसरीला घातक ठरू शकते, हे त्यावरून कळले. अंटार्क्टिकातून १९९४ पर्यंत सर्व कुत्री हलविण्यात आली, त्यामागे त्यांच्यापासून सीलांना रोग होण्याची भीती हे एक कारण होते.

भारतात गुजरातमधील गीर अरण्याच्या दलखाणिया परिक्षेत्रात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये २३ आशियाई सिंह मृत्यू पावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला. त्यानंतर परिसरातील सिंह पकडून त्यांना अलग ठेवण्यात आले आणि परदेशातून मागविलेली लस टोचण्यात आली. वन्य स्थितीतील आशियाई सिंह जगात याच प्रदेशात उरले असल्याने या घटनेचे गांभीर्य फार मोठे आहे.

अरण्यालगतच्या गावांतील कुत्र्यांना लस टोचणे हा यावरील एक उपाय आहे. तथापि सेरेंगेटीतील पुढील अनुभव असा की, कुत्र्यांतील रोग घटला तरी विषाणू इतर वन्य मांसाहारी प्राण्यांत टिकून राहिला व सिंहांपर्यंत पोहोचत राहिला. भारतातील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या कार्यक्रमांत अलर्क रोगाची लस टोचतात. त्यांचा रोख माणसाच्या रक्षणावर असल्याने डिस्टेंपरचा प्रतिबंध बहुतांशी मालकाच्या दक्षतेवर सोपविलेला राहतो. सोळाव्या आठवड्यानंतरची एक टोचणी चुकविल्याने होणारी हानी म्हणूनच त्या एका पिलापुरती राहीलच असे नाही.